यादी आणि सही



सावित्रीबाईंच्या नावाने चाललेल्या व्याख्यानमालेत जेफ्री एपस्टीन या अमेरिकी धनिकाचं प्रकरण कशासाठी, असा प्रश्न विषय जाहीर झाल्यापासून मला अनेकांनी विचारला. त्याचं उत्तर आधी देते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवेने तिथे यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, एवढी साधी सोय. पण तिच्यामागे एक ठाम निवाडा होता. घडल्या गोष्टीची शिक्षा एकट्या बाईने भोगायची आणि पुरुषाने उजळ माथ्याने गावात फिरायचं, हे आम्ही चालू देणार नाही, असा तो निवाडा. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, स्वतःला जगातली सर्वांत बलाढ्य लोकशाही म्हणवणाऱ्या देशात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत सरकारी वकिलांनी याच्या नेमका उलट निवाडा दिला. म्हणून हा विषय.

आपल्याकडे हे प्रकरण पोचलं ते यादीच्या रूपाने. यादीत कोण आहे? त्याच्या विमानातून कोण गेलं, त्याच्या बेटावर कोण उतरलं, कुणाचं छायाचित्र सापडलं, कुणाचा ईमेल निघाला? ही उत्सुकता मला कळते. राष्ट्राध्यक्ष, राजपुत्र, बँकर, विद्यापीठांचं कुलगुरुपद भूषवलेली माणसं अशी नावं त्यात आहेत म्हटल्यावर लोक विचारणारच. पण या प्रकरणाचं राजकारण फक्त यादीत शोधणारा माणूस अर्धंच पाहतो, असं माझं मत आहे. ओळख असणं, एका टेबलावर जेवणं हा गुन्हा ठरत नाही. आणि ज्यांच्यामुळे हा माणूस २००९ नंतर आणखी दहा वर्षं मोकळा राहिला, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही यादीत सापडणार नाहीत. ती सरकारी कागदाच्या तळाशी आहेत, सहीच्या जागी. आज मला त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

फ्लोरिडातलं पाम बीच हे अटलांटिकच्या कडेचं चिंचोळं बेट. अतिश्रीमंतांची वस्ती. मधली खाडी ओलांडली की पलीकडे वेस्ट पाम बीच आणि त्यामागची साधी, कष्टकऱ्यांची उपनगरं. मुली त्या बाजूच्या होत्या. कुणाच्या घरी पैशांची ओढाताण, कुणाचे आईवडील विभक्त, कुणाच्या घरात व्यसन. शाळेतली ओळखीचीच मुलगी म्हणायची, एका श्रीमंत माणसाला मसाज करायचा, दोनशे डॉलर मिळतात. एपस्टीनच्या पाम बीचमधल्या बंगल्यात गेल्यावर लैंगिक अत्याचार व्हायचा. आणि निघताना सांगितलं जायचं की मैत्रिणीला घेऊन आलीस तर तुलाही पैसे मिळतील. या यंत्रणेतली सर्वांत क्रूर गोष्ट मला ही वाटते. अत्याचार झालेल्या मुलीलाच पुढची मुलगी आणायला लावायचं, म्हणजे ती कधी तोंड उघडू लागली तर तिलाच विचारता येतं, दुसरीला तूच नाही का आणलंस?

मार्च २००५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या घरच्यांनी पाम बीच पोलिसांकडे तक्रार केली. तपास केला जोसेफ रेकॅरी या अधिकाऱ्याने, आणि त्याच्या पाठीशी पोलीसप्रमुख मायकेल रायटर उभे राहिले. ही दोन नावं मी मुद्दाम उच्चारते आहे. अशा प्रकरणांत आपल्याला बड्या आरोपींची नावं पाठ होतात, सरळ काम करणाऱ्या पोलिसांची होत नाहीत. त्यांनी बंगल्यातून बाहेर पडणारा कचरा तपासला, फोनवरच्या निरोपांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींचे जबाब घेतले, आणि ते जबाब एकमेकांशी जुळले. झडती घ्यायला गेले तेव्हा बंगल्यातले संगणक आधीच हलवलेले होते.

इथून पुढे काय झालं ते आपण नीट पाहायला हवं, कारण सत्ता कशी चालते हे इथे दिसतं. जिल्ह्याचे सरकारी वकील बॅरी क्रिशर यांनी थेट गंभीर आरोप ठेवण्याऐवजी प्रकरण २००६ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे नेलं. बचावाच्या वकिलांनी मुलींच्या सोशल मीडियावरची पानं सरकारी वकिलांच्या हाती दिली होती. ग्रँड ज्युरीपुढचं कामकाज अठरा वर्षं बंद पाकिटात होतं. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ते खुलं केलं, तेव्हा दिसलं की आपण जे केलं तो गुन्हा आहे हे तुला ठाऊक आहे का, असं मुलीला विचारणारी व्यक्ती सरकार पक्षाचीच वकील होती. कायद्याने जी संमती देऊच शकत नाही अशा अल्पवयीन मुलीला, तिच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलाने हे विचारलं. ज्युरीने वेश्यागमनाची मागणी केल्याचा एकच, तुलनेने सौम्य आरोप ठेवला. मी स्वतः वकिली करते. आरोपीच्या वकिलाने साक्षीदार मुलीला ओरबाडणं मी पाहिलं आहे आणि त्याची चीड येते. पण तो निदान समोरच्या बाजूला उभा असतो.

रायटर यांनी हार मानली नाही. त्यांनी प्रकरण केंद्रीय तपास यंत्रणेकडे, एफबीआयकडे दिलं. दक्षिण फ्लोरिडाच्या केंद्रीय वकील कार्यालयात ५३ पानांचा आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. तोवर ३६ मुलींची ओळख पटली होती. ते आरोपपत्र दाखल झालं असतं तर एपस्टीन उरलेलं आयुष्य तुरुंगात काढण्याची शक्यता होती. ते दाखल झालं नाही. २४ सप्टेंबर २००७ रोजी खटला न चालवण्याचा करार झाला. त्यात एपस्टीनला केंद्रीय खटल्यापासून अभय मिळालं, चार साथीदारांना नावानिशी मिळालं, आणि जे कोणी ‘संभाव्य’ साथीदार असतील त्या सर्वांना मिळालं. ते कोण, याची चौकशीही तिथेच थांबली. मोबदल्यात त्याने राज्याच्या न्यायालयात दोन आरोप कबूल करायचे होते. ३० जून २००८ रोजी त्याने ते केले. त्यातला एक आरोप अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी मिळवल्याचा होता. म्हणजे शिक्षा झाली तीही मुलीवर शिक्का मारून. १८ महिन्यांच्या शिक्षेपैकी सुमारे १३ महिने तो आत होता, आणि त्यातही आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा तासांपर्यंत स्वतःच्या कार्यालयात जाऊन बसण्याची मुभा त्याला होती.

या कराराला मंजुरी दिली केंद्रीय वकील अलेक्झांडर अकोस्टा यांनी. कागदावर त्यांच्या वतीने सही आहे ती मात्र हाताखालच्या वकील बाईंची. ज्या बाईंनी तो ५३ पानी मसुदा लिहिला, खटला चालवा म्हणून आग्रह धरला, त्यांचीच. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्या इथल्या प्रत्येकाला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. निर्णय एकाचा, हात दुसऱ्याचा.

आणि त्या ३६ मुली? अमेरिकेत २००४ सालचा कायदा आहे. गुन्ह्यातील पीडितांना सरकारी वकिलांशी बोलण्याचा, खटल्यात काय चाललं आहे ते कळण्याचा हक्क तो देतो. सप्टेंबरमध्ये करार झाल्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, एफबीआयने मुलींना पत्रं पाठवली. प्रकरणाचा तपास चालू आहे, वेळ लागेल, धीर धरावा, असा त्यांचा मजकूर होता. मला या संपूर्ण प्रकरणात त्या पत्रांइतकं दुःखद काही वाटत नाही. त्या मुली धीर धरून बसल्या होत्या.

त्यांतल्या दोघींनी २००८ मध्ये नाव झाकून सरकारविरुद्ध दावा लावला. अकरा वर्षं तो चालला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीश केनेथ मारा यांनी निकाल दिला की सरकारने मुलींपासून करार लपवून कायदा मोडला. पुढे अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२१ मध्ये बहुमताने उलट सांगितलं. केंद्रीय आरोपपत्रच दाखल झालं नव्हतं, त्यामुळे या कायद्याखाली दावा लावण्याचा अधिकार मुलींना नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आरोपपत्र का दाखल झालं नव्हतं? त्या गुप्त करारामुळे. ज्या कागदाविरुद्ध मुली दाद मागत होत्या, त्याच कागदाने त्यांची दाद मागण्याची वाट बंद केली. न्याय खात्याच्या अंतर्गत चौकशीने २०२० मध्ये अकोस्टा यांच्याकडून व्यावसायिक गैरवर्तन झालं नाही, निर्णयशक्ती कमी पडली, एवढाच ठपका ठेवला.

आता राजकीय पडसादांकडे येते. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अकोस्टा यांना श्रममंत्री केलं. सिनेटने ६० विरुद्ध ३८ मतांनी त्यांना मान्यता दिली. एपस्टीनशी केलेल्या कराराबद्दल त्यांना सुनावणीत विचारलं गेलं होतं. म्हणजे प्रश्न माहीत होता, विचारला गेला, उत्तर ऐकलं गेलं, आणि मग मतदान झालं. बालमजुरी आणि मानवी तस्करीविरुद्धचं काम ज्या खात्याकडे आहे, ते खातं त्यांच्या हाती दिलं गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मायामी हेरल्ड’च्या पत्रकार ज्युली ब्राउन यांनी लेखमाला लिहिली. तोवर मुली बायका झाल्या होत्या. ब्राउन यांनी अशा सुमारे ८० जणींची ओळख पटवली आणि काहींना नाव-चेहऱ्यासह बोलतं केलं. ६ जुलै २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या केंद्रीय वकिलांनी ठेवलेल्या आरोपांवरून एपस्टीनला अटक झाली. सहा दिवसांत अकोस्टा यांनी राजीनामा जाहीर केला. १० ऑगस्टला एपस्टीन कोठडीत मृत सापडला. आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. खटला तिथेच संपला. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिला डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि २० वर्षांची शिक्षा झाली.

आरोपी मेला, करारातले कागद बंद, अशा पोकळीत यादीचं राजकारण वाढलं. एका पक्षाला वाटे यादीत क्लिंटन आहेत, दुसऱ्याला वाटे ट्रम्प आहेत. क्लिंटन त्याच्या विमानातून फिरले होते, ट्रम्प यांची त्याच्याशी वर्षानुवर्षं उठबस होती. त्याच्या गुन्ह्यांशी आपला संबंध नाही असं दोघंही सांगतात आणि दोघांवरही या बाबतीत आरोप ठेवला गेलेला नाही. ट्रम्प यांच्या समर्थकांनी २०२४ च्या निवडणुकीत फायली उघडण्याची आशा लोकांना लावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांना दूरचित्रवाणीवर यादीबद्दल विचारलं, तेव्हा ती आपल्या टेबलावर आहे असं उत्तर त्यांनी दिलं. जुलैमध्ये त्यांच्याच खात्याने टिपण काढलं की अशी कुठलीही यादी नाही. त्याच टिपणात आणखी एक वाक्य होतं. एपस्टीनने हजाराहून अधिक जणींवर अत्याचार केला. हजाराहून अधिक. चर्चा झाली ती पहिल्या वाक्याची.

यानंतरचे पाच महिने मात्र मला आशेचे वाटतात, आणि त्याचं श्रेय कुठल्याही पक्षाला देऊ नये असं माझं मत आहे. रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि डेमोक्रॅट रो खन्ना यांनी फायली खुल्या करण्याचं विधेयक आणलं. सभापती माइक जॉन्सन यांनी जुलैत सभागृह लवकर सुट्टीवर पाठवलं. मग ३ सप्टेंबरला अत्याचार सोसलेल्या स्त्रिया संसदेबाहेर येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही यादी देत नसाल तर आमची आम्ही तयार करू, असं त्यांच्यातल्या एकीने सांगितलं. यादी या गोष्टीचा अर्थ त्या दिवशी मला पहिल्यांदा रास्त वाटला, कारण ती आता प्रतिस्पर्ध्याला झोडपण्याचं साधन नव्हती; ज्यांनी सोसलं त्यांची साक्ष होती. सभापतींना डावलून विधेयक मतदानाला आणण्यासाठी २१८ सह्या लागत होत्या. रिपब्लिकन पक्षातून मॅसींबरोबर तीन स्त्रियांनी सही केली, मार्जोरी टेलर ग्रीन, लॉरेन बोबर्ट आणि नॅन्सी मेस. पक्षाच्या दडपणाखाली त्यांनी सही मागे घेतली नाही. ग्रीन यांचं राजकारण मला कधीच पटलं नाही, पण ही सही त्यांची आहे आणि तिची किंमत त्यांनी मोजली. ट्रम्प यांनी त्यांना देशद्रोही म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं. २१८ वी सही ॲरिझोनाच्या अडेलिटा ग्रिहाल्वा यांची. त्या २३ सप्टेंबरला निवडून आल्या आणि त्यांचा शपथविधी झाला १२ नोव्हेंबरला. शपथ होताच त्यांनी सही केली. १८ नोव्हेंबरला विधेयक ४२७ विरुद्ध १ मताने संमत झालं. दुसऱ्या दिवशी, महिनोन्‌महिने या मागणीला थोतांड म्हणणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली.

पुढे कागद येऊ लागले. पानंच्या पानं काळी केलेली; आणि काही कागदांत मुलींची नावं मात्र उघडी राहिलेली. पीडितांच्या वकिलांना त्यासाठी न्यायालयात तक्रार करावी लागली.

अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमध्ये पडझड जास्त झाली. व्हर्जिनिया जुफ्रे यांनी राजपुत्र अँड्र्यू यांच्यावर सतराव्या वर्षी आपल्यावर अत्याचार केल्याचा दावा लावला. आरोप नाकारत अँड्र्यू यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोड केली. एप्रिल २०२५ मध्ये जुफ्रे यांनी वयाच्या ४१ व्या वर्षी जीव दिला. ऑक्टोबरमध्ये त्यांचं आत्मकथन मरणोत्तर प्रसिद्ध झालं आणि त्याच महिन्यात राजाने भावाची ‘प्रिन्स’ ही पदवी काढून घेण्याची घोषणा केली. त्याआधी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतले ब्रिटिश राजदूत पीटर मँडेलसन यांना एपस्टीनशी झालेल्या पत्रव्यवहारावरून पंतप्रधान स्टार्मर यांनी पदावरून काढलं. अमेरिकेत हार्वर्डचे माजी अध्यक्ष लॅरी समर्स सार्वजनिक जबाबदाऱ्यांतून दूर झाले. जेपी मॉर्गन या बँकेने पीडितांना २९ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. पदं गेली, पदव्या गेल्या, पैसे गेले. तुरुंगात शिक्षा भोगते आहे ती एकटी गिलेन मॅक्सवेल. तिला मुली पुरवल्याबद्दल शिक्षा झाली आणि ती योग्यच आहे. पण पुरवठा एपस्टीनपुरताच होता की आणखी कुणासाठी, याचा सरकारी शोध २००७ च्या कराराने थांबला होता, आणि पुढे तो कुठल्याही न्यायालयात तडीला गेला नाही.

जळगावचं नाव घेतल्याशिवाय मराठी श्रोत्यांपुढे हे व्याख्यान पुरं होणार नाही. १९९४ मध्ये तिथे मुलींना फसवून, छायाचित्रं काढून, धमकावून वापरल्याचं उघड झालं आणि स्थानिक राजकारण्यांची नावं पुढे आली. अरविंद इनामदार यांच्या देखरेखीखाली तपास झाला, मीरा बोरवणकर त्यात होत्या. वर्तमानपत्रांत आकडे फुगत गेले. राजकारणी आणि गुन्हेगार यांच्या साट्यालोट्याबद्दल त्या काळी जो संताप होता त्यात जळगावची भर पडली, आणि १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झालं. पण मुली पुढे येईनात, साक्षी टिकेनात, बहुतेक खटले कोसळले. जळगावची म्हणून सांगून आलेली स्थळं परत गेल्याच्या कहाण्या मात्र अनेकांना आठवतात. सरकार बदललं तरी लाज जिथे टाकली होती तिथेच राहिली. फुल्यांनी १८६३ मध्ये जे उलटवायचा प्रयत्न केला, ते आपण १९९४ मध्ये जसंच्या तसं केलं.

आज आपल्या हाती कायदा पूर्वीपेक्षा बरा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायची आहे. कलम ३६० प्रमाणे सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडितेचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. बी समरी किंवा सी समरी, म्हणजे तक्रार खोटी किंवा गैरसमजातून आहे असा अहवाल पोलिसांनी दाखल केला, तर तो स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगितलं आहे. पाम बीचच्या मुलींना जे नाकारलं गेलं ते इथे लेखी उपलब्ध आहे. पण बहुतेक तालुक्यांत ते मागायला कुणी जात नाही.

म्हणून या सभागृहातल्या वकिलांना, पत्रकारांना, शिक्षकांना आणि महिला मंडळांना माझी विनंती आहे. असं प्रकरण तुमच्या गावात उघडकीला येईल तेव्हा बडं नाव कोणतं, ही चौकशी पहिल्या दिवशी करू नका. मुलीच्या आईबरोबर ठाण्यात जा. गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला ते वाचून पाहा, फिर्यादीची प्रत घ्या, नव्वदावा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी तपासाची माहिती लेखी मागा. समरी अहवाल आला तर त्यावर सही कुणाची आणि मंजुरी कुणाची, ते नावासह छापा. मुलीचं नाव छापू नका.